विश्लेषण : स्मृतिभ्रंश झालाय, की प्रश्नच चुकीचा विचारलाय? चिनी रुग्णांसाठी चाचण्या नव्याने का घडवाव्या लागल्या?

चीनमधील १५ सरकारी विभागांनी मिळून स्मृतिभ्रंशाविरोधात २०२४ ते २०३० या काळासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आखला आहे. वस्तीपातळीवर ज्येष्ठांची तपासणी करायची आणि आजार लवकर ओळखायचा, हा त्यातला महत्त्वाचा भाग. पण स्मृतिभ्रंश रक्तातील साखरेसारखा बोटाला सुई टोचून मोजता येत नाही. पहिली चाळणी आजही प्रश्नोत्तरांचीच असते आणि त्यातल्या बहुतेक प्रश्नावल्या अमेरिका-कॅनडात, इंग्रजी बोलणाऱ्या आणि शाळा शिकलेल्या माणसांसाठी तयार झाल्या. त्या चिनी आजी-आजोबांना जशाच्या तशा लावल्या तर काय होते? त्या बदलायच्या म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न किती मोठा आहे?

चीनमधील १२ प्रांत आणि महानगरांत ६० वर्षांवरील ४६,०११ लोकांची पाहणी करून काढलेला अंदाज २०२० मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे १ कोटी ५१ लाख ज्येष्ठांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे साठी ओलांडलेल्या दर १०० जणांमागे सहा. याशिवाय सुमारे ३ कोटी ८८ लाख जण त्याच्या अलीकडच्या पायरीवर, म्हणजे आकलनशक्ती थोडी मंदावलेल्या अवस्थेत आहेत. इतक्या लोकांपर्यंत मेंदूविकारतज्ज्ञ पोहोचणे अशक्य आहे. त्यामुळे परिचारिका किंवा वस्तीतील आरोग्य कर्मचारी दहा मिनिटांत घेऊ शकेल अशा चाचणीवर सगळा भार येतो.

चाचणीत काय विचारतात?

जगभर सर्वाधिक वापरली गेलेली चाचणी म्हणजे ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’, अर्थात एमएमएसई. मार्शल फोलस्टीन, सुझन फोलस्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती १९७५ मध्ये मांडली. एकूण गुण ३०. आज तारीख काय, आपण कुठे आहोत, तीन शब्द लक्षात ठेवा, १०० मधून सात-सात वजा करत जा, हे वाक्य पुन्हा म्हणा, कागदावरचे वाचून तसे करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन काढा, असे तिचे स्वरूप. साधारणपणे २४ पेक्षा कमी गुण मिळाले तर पुढील तपासणी करावी, असा संकेत रूढ झाला.

दुसरी चाचणी ‘मोका’. माँट्रियलमधील डॉ. झियाद नसरेद्दीन यांच्या गटाने ती २००५ मध्ये प्रसिद्ध केली. तीही ३० गुणांची, पण थोडी कठीण. आजाराची सुरुवातीची लक्षणे टिपणे हा तिचा हेतू. २६ किंवा त्याहून अधिक गुण म्हणजे ठीक, असे मूळ चाचणी सांगते.

दोन्हींमागे काही न बोललेली गृहीतके आहेत. समोरच्या माणसाला लिहिता-वाचता येते, त्याच्या भाषेला मुळाक्षरे आहेत, तो इंग्रजी दिनदर्शिका वापरतो आणि त्याने शाळेत कधी तरी पेन्सिल धरून आकृत्या काढल्या आहेत.

मग भाषांतर करून का भागत नाही?

एमएमएसईमध्ये पुन्हा म्हणायचे इंग्रजी वाक्य ‘जर, आणि, पण’ अशा जोडशब्दांचे आहे. अर्थ किरकोळ, पण उच्चारायला अडखळवणारे. त्याचे शब्दशः भाषांतर केले तर अडखळ निघून जाते आणि मोजायचे तेच राहून जाते. म्हणून मुख्य भूमीवरील चिनी आवृत्तीत त्या जागी ‘चव्वेचाळीस दगडी सिंह’ हा शब्दसमूह आला. मँडरिनमध्ये त्यात ‘स’ आणि ‘श’ एकामागून एक येतात. आपल्या ‘चटईला टाचणी टोचली’सारखाच प्रकार.

‘मोका’मध्ये एक, ए, दोन, बी अशा क्रमाने रेघ जोडत जायची असते. चिनी लिपीत मुळाक्षरेच नाहीत. बीजिंग आवृत्तीत त्याऐवजी ‘ज्या, यी, बिंग, तिंग’ ही चिनी परंपरेतील क्रमदर्शक चिन्हे घेतली. ‘एफ’ अक्षरापासून सुरू होणारे शब्द एका मिनिटात सांगा, हा प्रश्नही तसाच अडला. बीजिंग आवृत्तीने ‘फा’ या चिन्हाने सुरू होणारे शब्द विचारले. हाँगकाँग आवृत्तीने अक्षराचा नाद सोडून प्राण्यांची नावे विचारली. दोन्ही तोडगे समजण्यासारखे आहेत, पण मेंदूचे काम वेगळे होते. चिन्ह आठवायला लिपीची सवय लागते. प्राणी आठवायला लागत नाही. त्यामुळे या दोन आवृत्त्यांचे गुण एकमेकांशेजारी ठेवून तुलना करणे सोपे राहत नाही.

काही अडचणी भाषेच्या नसून मनाच्या असतात. मूळ चाचणीत कागदावर ‘डोळे मिटा’ असे लिहिलेले असते आणि रुग्णाने वाचून तसे करायचे असते. चिनी भाषेतही डोळे मिटणे हा मृत्यूसाठीचा सौम्य शब्दप्रयोग आहे, जसा तो मराठीत आहे. दवाखान्यात बसलेल्या ८० वर्षांच्या माणसापुढे हे शब्द धरायचे का? हाँगकाँगच्या आवृत्तीत त्याऐवजी ‘टाळ्या वाजवा’ असे आहे.

तारखेचेही तसेच. अनेक वयस्कर चिनी माणसे सण, वाढदिवस, घरातली कार्ये चांद्र दिनदर्शिकेने लक्षात ठेवतात. आपल्याकडच्या आजीला आज किती तारीख ते सांगता येणार नाही, पण आज एकादशी आहे हे ती चुकणार नाही. तिचे उत्तर बरोबर धरायचे की चूक, हे परीक्षकाने आधी ठरवलेले असावे लागते. आणि ‘सध्या कोणता ऋतू आहे’ हा प्रश्न विषुववृत्ताजवळच्या सिंगापूरमध्ये विचारण्यात फारसा अर्थ नाही. तिथे चार ऋतू नसतातच.

‘चिनी भाषा’ म्हणजे नेमकी कोणती?

लिहायला बऱ्याच अंशी एक, बोलायला अनेक. मँडरिन बोलणाऱ्याला कँटोनीज कळत नाही, कँटोनीज बोलणाऱ्याला होक्किएन कळत नाही. शांघायची बोली आणखी वेगळी. आजच्या तरुणांना शाळेमुळे मँडरिन येते. आजारी पडणारी पिढी मात्र घरच्या बोलीत वाढलेली आहे.

दक्षिणेकडील अनेक बोलींत ‘स’ आणि ‘श’ यांत फरक करत नाहीत. तिथल्या आजोबांनी दगडी सिंहांचे वाक्य चुकवले तर तो मेंदूचा दोष नव्हे, बोलीचा गुण आहे. हाँगकाँगमध्ये १९९४ मध्ये तयार झालेल्या कँटोनीज आवृत्तीने त्यामुळे स्वतःचे वाक्य घेतले. अर्थ असा की ‘मावशीचे यजमान माशाची आतडी विकत घेतात’. माशाची आतडी हा तिथल्या घरगुती स्वयंपाकातला पदार्थ आहे आणि कँटोनीजमध्ये या वाक्याचे यमक जुळते. मँडरिनमध्ये तेच वाक्य म्हटले तर त्यातली गंमतही जाते आणि कसोटीही.

थोडक्यात, चाचणी ‘चिनी भाषेत उपलब्ध’ असणे पुरेसे नाही. ती कोणत्या बोलीत, कोणत्या गावी, कोणत्या पिढीवर पारखली गेली, हे विचारावे लागते.

शाळाच न पाहिलेल्यांचे काय?

खरा पेच इथे आहे. १९८७ च्या सुमारास शांघायमध्ये ५५ वर्षांवरील ५,०५५ लोकांची मोठी पाहणी झाली. मानसोपचारतज्ज्ञ झांग मिंगयुआन आणि अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांचा गट त्यामागे होता. त्यासाठी एमएमएसईची चिनी आवृत्ती बनवली गेली. पाहणीतील मोठा वाटा शाळेत कधीच न गेलेल्यांचा होता आणि त्यांतही स्त्रिया जास्त. एकच गुणरेषा सगळ्यांना लावली असती तर धडधाकट संसार चालवणाऱ्या असंख्य आजी कागदावर ‘रुग्ण’ ठरल्या असत्या.

उपाय असा निघाला की रेषा एक नको, तीन हव्यात. निरक्षर व्यक्तीला १७ किंवा कमी, प्राथमिक शाळा शिकलेल्याला २० किंवा कमी, माध्यमिक आणि पुढे शिकलेल्याला २४ किंवा कमी गुण मिळाले तर पुढील तपासणी करायची. चीनमध्ये या तीन रेषा पुढे अनेक वर्षे वापरात राहिल्या.

म्हणजे १९ गुण मिळवलेल्या तीन व्यक्ती समोर असतील, तर शाळा न पाहिलेली बाई ठीक आहे, चौथी शिकलेल्या गृहस्थांना पुढे पाठवायला हवे आणि निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत तर काळजीच करायला हवी. आकडा एकच, अर्थ तीन. वजनकाट्यावर रिकामी परात ठेवून काटा शून्यावर आणतात, तसे शिक्षणाचे वजन आधी वजा करावे लागते. नाही तर आपण आजार मोजतोय की परात, हे कळत नाही.

त्याही पुढे जाऊन काहींनी प्रश्नच बदलले. तैवानच्या ताब्यातील किनमेन बेटांवर बहुतांश ज्येष्ठ निरक्षर होते. तिथे १९९० च्या दशकात इव्हलिन टेंग यांनी रचलेल्या १०० गुणांच्या ‘कासी’ चाचणीची खास आवृत्ती वापरली गेली. ‘मोका’च्या गटाने २०१५ मध्ये ‘मोका-बेसिक’ आणली. तिची पारख आधी थायलंडमध्ये झाली, नंतर चिनी आवृत्तीची शांघायमध्ये. त्यात पाढ्यासारखी वजाबाकी नाही. १३ रुपयांची वस्तू एक, पाच आणि दहाच्या नोटांनी किती प्रकारे घेता येईल, अशा धर्तीचा प्रश्न आहे. बाजारहाट केलेली बाई अक्षरओळख नसतानाही त्याचे उत्तर देऊ शकते.

मात्र याला दुसरी बाजू आहे. कमी शिक्षण ही केवळ चाचणीतली अडचण नाही, तो स्मृतिभ्रंशाचा खरा धोकाही मानला जातो. शांघायच्या पाहणीतही, डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्यावर, निरक्षरांमध्ये आजाराचे प्रमाण अधिकच निघाले. म्हणून रेषा फार खाली आणली तर ज्या गटाला सर्वाधिक धोका आहे, त्याचेच रुग्ण निसटतात. सवलत किती द्यायची, हा निर्णय पाहणीच्या आकड्यांवरच घ्यावा लागतो. सहानुभूतीने तो घेता येत नाही.

गुण जास्त मिळाले तरी अडचण?

होय, आणि ही बाजू कमी बोलली जाते. चाचणी परकी असली की गुण कमीच पडतील असे नाही.

आकडे ऐकून तसेच म्हणून दाखवणे ही स्मरणाची जुनी कसोटी. चिनी अंकांची नावे अगदी छोटी आणि झटपट उच्चारता येतात. त्यामुळे चिनी भाषक सरासरीने इंग्रजी भाषकांपेक्षा जास्त आकडे लक्षात ठेवतात. इंग्रजी भाषकांचे निकष त्यांना लावले तर स्मरण घसरू लागलेला माणूसही ‘सर्वसाधारण’ दिसेल.

महिने उलट क्रमाने सांगा, हा असाच प्रश्न. इंग्रजीत डिसेंबर, नोव्हेंबर असे मागे यावे लागते. मराठीत फाल्गुन, माघ, पौष. चिनी भाषेत महिन्यांची नावेच ‘एक महिना, दोन महिना’ अशी आहेत. म्हणजे प्रश्न उरतो तो बारापासून एकपर्यंत उलट मोजण्याचा. भाषांतर अचूक, पण कसोटी निम्मी.

चित्र पाहून वस्तूचे नाव सांगण्याची ‘बोस्टन नेमिंग टेस्ट’ ६० चित्रांची आहे आणि चित्रे सोप्याकडून कठीणाकडे जातात. शेवटचे, म्हणजे सर्वांत कठीण समजलेले चित्र आहे मणी सरकवून हिशेब करायच्या पाटीचे, म्हणजे अबॅकसचे. चीनमध्ये दुकानाच्या गल्ल्यावर हयात घालवलेल्या माणसाला ते सर्वांत सोपे असणार. उलट सुरुवातीच्या चित्रांतले, अमेरिकेत रोज खाल्ले जाणारे प्रेट्झेल त्याने पाहिलेलेही नसेल. इथे अवघडपणाची शिडीच उलटी होते.

एक-दोन गुण इकडेतिकडे झाले तर काय बिघडते?

एक साधा हिशेब करू. समजा, एका वस्तीत साठीपुढचे १,००० लोक आहेत आणि त्यांतल्या ६० जणांना स्मृतिभ्रंश आहे. चाचणी १०० पैकी ८० रुग्ण ओळखते आणि १०० पैकी ८० निरोगी लोकांना बरोबर ‘निरोगी’ म्हणते, असे धरू. मग ४८ रुग्ण सापडतील, १२ निसटतील आणि ९४० निरोगी लोकांपैकी १८८ जणांना विनाकारण ‘संशयित’ असा शिक्का बसेल. ‘संशयित’ ठरलेल्या २३६ जणांत खरा रुग्ण पाचात एक. ही स्थिती बऱ्यापैकी चांगल्या चाचणीची. रेषा चुकीच्या जागी असेल तर हे गणित आणखी बिघडते.

त्या शिक्क्याला किंमत मोजावी लागते. घरचे व्यवहार काढून घेतले जातात, एकटीने बाहेर जाणे थांबते, मुलांमध्ये ‘कोणाकडे राहणार’ याची चर्चा सुरू होते. आणि आजार असूनही निसटलेल्याचा उपचारांचा काळ हातातून जातो.

नव्या औषधांमुळे हा मुद्दा आणखी तापला आहे. अल्झायमरच्या सुरुवातीच्या अवस्थेसाठीच्या लेकॅनेमॅब या औषधाला चीनने जानेवारी २०२४ मध्ये मान्यता दिली. ते आजार बरा करत नाही, त्याची गती काहीशी कमी करते. मेंदूला सूज किंवा रक्तस्राव असे धोकेही त्यात आहेत. त्याच्या मुख्य चाचणीत एमएमएसईचे २२ ते ३० गुण असलेलेच रुग्ण घेतले होते. औषध देण्याआधी मेंदूचे स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातील द्रवाची तपासणीही लागते. पण त्या दारापर्यंत कोण पोहोचणार, हे आधी प्रश्नावली ठरवते. शाळा न शिकलेल्या आजी सुरुवातीच्या अवस्थेत असूनही १८ गुणांवर थांबल्या, तर ‘आजार पुढे गेला’ असे समजून त्या रांगेबाहेर जाऊ शकतात.

रूपांतर करण्याची रीत कोणती?

प्रथम दोन वेगवेगळ्या व्यक्ती भाषांतर करतात. मग मूळ चाचणी न पाहिलेली तिसरी व्यक्ती ते परत इंग्रजीत आणते आणि फरक कुठे पडला ते तपासले जाते. पण हा पहिला टप्पा झाला. ‘बारा महिने उलट सांगा’ हे भाषांतर या परीक्षेत पूर्ण गुणांनी पास होईल. म्हणून पुढे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि भाषेचे जाणकार बसून प्रत्येक प्रश्न नेमकी कोणती क्षमता मोजतो ते पाहतात आणि गरज असेल तिथे प्रश्न बदलतात.

नंतर थोड्या ज्येष्ठांवर प्रयोग. त्यानंतर सर्वांत खर्चीक काम, म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या, शिक्षणाच्या, गाव-शहरातल्या निरोगी लोकांचे गुण गोळा करून तिथले ‘सर्वसाधारण’ किती ते ठरवणे. शेवटी, चाचणी न पाहता तज्ज्ञांनी केलेल्या निदानाशी गुण ताडून रेषा आखणे. अनेक ठिकाणी काम भाषांतरापाशीच थांबते आणि रेषा मात्र मूळ देशाची राहते.

स्मरणाखेरीज आणखी काय तपासावे लागते?

उदासी. नैराश्य आलेला ज्येष्ठही विसरतो, गप्प होतो, उत्तरे टाळतो. त्यामुळे ते वेगळे काढावे लागते. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० च्या दशकात हुनान प्रांतातील रुग्णांवर केलेले काम प्रसिद्ध आहे. मनाचे दुखणे अनेकदा डोकेदुखी, थकवा, निद्रानाश अशा शरीराच्या तक्रारींतून सांगितले जाते, असे त्यांना दिसले. ‘तुम्हाला उदास वाटते का’ या थेट प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर मिळाले म्हणून विषय संपत नाही.

घरच्यांचे सांगणे हा दुसरा आधार. पैशांचे व्यवहार जमतात का, स्वयंपाक करतात का, असे प्रश्न मुलांना विचारतात. पण जिथे मुलगा-सून सगळे करतात, तिथे ‘करत नाहीत’ याचा अर्थ ‘करता येत नाही’ असा होत नाही. शिवाय ‘वय झाले की विसरणारच’ हे उत्तर चीनमध्येही तितकेच सहज मिळते, जितके ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्या आपल्या घरांत.

आजाराच्या नावाचाही वाटा आहे. मुख्य भूमीवर रूढ असलेल्या ‘छ्रताय’ या शब्दात वेडगळ, मंदबुद्धी असा अर्थ दडलेला आहे. हाँगकाँग आणि तैवानने त्यापेक्षा सौम्य नावे स्वीकारली. जपानने २००४ मध्येच नाव बदलले. ज्या आजाराचे नाव शिवीसारखे वाटते, त्याच्या तपासणीला माणूस स्वतःहून कसा येईल?

परदेशातील चिनी ज्येष्ठांचे काय?

सॅन फ्रान्सिस्को, टोरांटो, सिडनी इथे डॉक्टर इंग्रजीत विचारतो आणि दुभाषा किंवा मुलगी भाषांतर करते. आईचे अर्धवट उत्तर मुलगी नकळत पूर्ण करून सांगते आणि चाचणीचा अर्थच जातो. अशा बहुभाषक शहरासाठी सिडनीत २००४ मध्ये ‘रुडास’ चाचणी पुढे आली. चहा, तेल, अंडी, साबण अशी खरेदीची यादी लक्षात ठेवा, गर्दीचा रस्ता कसा ओलांडाल ते सांगा, असे प्रश्न. एका भाषेतील चाचणी दुसरीत ओढून नेण्यापेक्षा कोणत्याही भाषेत विचारता येईल अशी ती मुळातच रचली, हे तिचे वेगळेपण.

आपल्यासाठी यात काय आहे?

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. हरियाणातील बल्लभगढच्या निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी एमएमएसईची हिंदी आवृत्ती १९९५ मध्येच तयार झाली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा चाचणीसंच हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत पारखून २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाचांत मराठी नव्हती. पुण्यातील निवृत्त अधिकारी आणि नंदुरबारमधील शाळा न पाहिलेली आजी यांना एकच रेषा लावायची का, हा शांघायने १९८७ मध्ये सोडवायला घेतलेला प्रश्न आपल्याकडेही तसाच उभा आहे.

पुढे काय?

मोबाइल आणि टॅबवर चालणाऱ्या चाचण्या आता येत आहेत. त्या स्वस्त पडतात आणि गुण क्षणात देतात. पण स्क्रीन कधी न हाताळलेल्या माणसासाठी टॅब हा नवा पंचकोनच आहे. प्रोटीन मोजणाऱ्या रक्तचाचण्याही पुढे येत आहेत. त्या मेंदूतील बदल सांगतील, पण माणसाचे रोजचे जगणे किती अडले आहे ते सांगणार नाहीत. त्यासाठी त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलावेच लागेल.

तोवर घरातील ज्येष्ठांची अशी चाचणी झाली, तर ३० पैकी किती मिळाले एवढ्यावर थांबू नये. चाचणी त्यांच्या रोजच्या बोलीत झाली का, त्यांचे शिक्षण नोंदवले गेले का आणि रेषा कोणत्या लोकांच्या गुणांवरून आखलेली आहे, हे तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत. गुण कमी असोत वा जास्त, या उत्तरांशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही.